लिलावातले घर आणि मागच्या मालकाचे बिल



वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बँकांच्या लिलावाच्या नोटिसा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे त्यांत कायम दिसतात. कुणाचे तरी हप्ते थकले, बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस दिली, मुदत उलटली, घर ताब्यात घेतले आणि आता विकायला काढले. एका कुटुंबाची एवढी मोठी हकिगत त्या चौकोनात मावलेली असते. ते घर बाजारभावापेक्षा थोडे कमी किमतीत मिळेल या आशेने दुसरे कुटुंब ती नोटीस वाचते. आज मला या दुसऱ्या कुटुंबाशी बोलायचे आहे.

बोली मान्य झाली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते. उरलेली साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे डोके पैशाच्या जुळवाजुळवीत गुंतते आणि वीज, पाणी, गॅस या गोष्टी ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतात. अडचण नेमकी तिथे होते. मागच्या मालकाची मीटरवरची थकबाकी बँकेच्या कर्जात धरलेली नसते. ती घरासोबत येते.

नोटिशीत ‘जे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर विक्री असल्याचे लिहिलेले असते. बँकेने तिला ठाऊक असलेले बोजे जाहीर करायचे, असा नियम आहे. पण लाइट बिल किती थकले हे बँकेला बहुधा ठाऊक नसते, आणि तिने ते विचारलेलेही नसते. ते काम घेणाऱ्याचे. म्हणून घर पाहण्याचा जो दिवस बँक देते, त्या दिवशी खोल्या, खिडक्या पाहून झाल्या की खाली मीटर केबिनमध्ये जा. फ्लॅटच्या मीटरचा नंबर आणि त्यावरचा आकडा टिपून घ्या, फोटो काढा. मीटरच जागेवर नसेल, तर तीही माहितीच आहे.

आता विचारायचे कुणाकडे? मुंबईच्या उपनगरांत याचे उत्तर गल्लीगणिक बदलते. मुलुंड-भांडुपला महावितरण. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी किंवा टाटा. घरात सापडलेल्या जुन्या बिलावर रिलायन्सचे नाव दिसले तर गोंधळू नका. १९२९ साली सुरू झालेली बीएसईएस ही वीज कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये तो व्यवसाय अदानींकडे आला. त्यातही एक खाच आहे. २००९ नंतर उपनगरांतल्या अनेक ग्राहकांनी तार तीच ठेवून पुरवठादार बदलला आणि ते टाटांचे ग्राहक झाले. मागचा मालक त्यांतला असेल, तर तार एकाची आणि बिल दुसऱ्याचे. तेव्हा चौकशी दोन्ही दारी करा. एका ठिकाणी ‘बाकी काही नाही’ असे सांगितले म्हणून निश्चिंत होऊ नका.

बंद घराचे बिल येतच नसेल, असेही पुष्कळांना वाटते. येते. वापर शून्य असला तरी जोडणी चालू आहे तोवर स्थिर आकार लागतो आणि न भरलेल्या रकमेवर व्याज चढते. शेवटी पुरवठा तोडतात, मग मीटर काढून नेतात. महावितरणच्या कचेरीत त्याला ‘पीडी झालं’ म्हणतात, म्हणजे जोडणी कायमची बंद झाली. तसे झाले असेल तर नुसत्या नावबदलाने भागत नाही, नव्या जोडणीचाच अर्ज करावा लागतो, आणि त्यासोबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरातली वायरिंग त्यानिमित्ताने तपासली जाते, हे मला चांगलेच वाटते.

मग ही जुनी बाकी कुणी भरायची? ‘आम्ही घर बँकेकडून घेतले, आधीच्या माणसाशी आमचा काय संबंध’, हा प्रश्न रास्त आहे. १९९५ च्या ईशा मार्बल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला होता आणि अजूनही बरेच जण त्याच निकालाच्या भरवशावर असतात. पण मधल्या काळात विजेचा कायदा बदलला. १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी थकबाकी भरण्याची अट घालू शकते, आणि ‘जे आहे जेथे आहे’ म्हणून घेणाऱ्याने चौकशी करूनच घेतले असे धरले जाते.

तरीही महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला एक भक्कम आधार आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या वीजपुरवठा संहितेनुसार वारस सोडून इतर नव्या मालकाकडून वसूल करायची जुनी बाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरतीच असते. चार वर्षांची बाकी चार वर्षांची म्हणून तुमच्या गळ्यात घालता येत नाही. खिडकीवरच्या माणसाने संगणकावरचा पूर्ण आकडा वाचून दाखवला, तर हुज्जत घालू नका आणि घाबरून पैसेही भरून टाकू नका. संहितेचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. दोन्हीकडे सामान्य माणूस स्वतः जाऊन आपले म्हणणे मांडू शकतो.

नावबदलाच्या वेळी आणखी एक अडचण दाखवली जाते: जुन्या ग्राहकाचे संमतीपत्र आणा. ज्याचे घर लिलावात गेले त्याला शोधायचे कुठे, आणि कोणत्या तोंडाने त्याची सही मागायची? तशी गरज नाही. संमतीपत्र नसेल तर मालकीचा पुरावा चालतो, आणि बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने दिलेले विक्री प्रमाणपत्र हा तुमचा मालकीचा पुरावा आहे. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा, सोबत ताब्याच्या पावतीच्याही. प्रत्येक खिडकीवर त्या लागतात.

पाण्याची गोष्ट निराळी. आपल्याकडे सोसायटीतल्या फ्लॅटला महापालिकेची स्वतंत्र जोडणी सहसा नसते. मीटर सोसायटीच्या नावावर असतो आणि पाणीपट्टी मासिक देखभाल खर्चातून वसूल होते. म्हणून नळाला पाणी यायचे तर सोसायटीच्या कार्यालयात जावे लागते आणि तिथे थकलेल्या मेंटेनन्सचा हिशेब समोर येतो. हा आकडा बरेचदा विजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. देणी फेडल्याशिवाय सोसायटीतले भाग (शेअर) हस्तांतरित होत नाहीत, ही कायद्यातलीच तरतूद आहे. तेव्हा बोली लावण्याआधी सेक्रेटरींना भेटा आणि बाकीचे विवरण मागा. थकबाकीवरचे व्याज आदर्श उपविधींनुसार वर्षाला २१ टक्क्यांहून अधिक नसावे आणि ते सरळ व्याज असावे, चक्रवाढ नव्हे. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. ‘लिलावातले घर आहे, तुम्हाला स्वस्तात मिळाले’ म्हणून कुणी देणगीच्या नावाखाली जास्त मागत असेल, तर वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे जा. सोसायटीची खरी देणी मात्र द्या. मागच्या मालकाने पैसे भरले नाहीत, तेव्हा वॉचमनचा पगार आणि लिफ्टचे बिल शेजाऱ्यांनीच भरलेले असते.

नळ सुरू करताना एक साधी काळजी घ्या. गच्चीवर तुमच्या लाइनचा कॉक बंद केलेला असेल. तो प्लंबरसमक्ष हळूहळू उघडा आणि त्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना सांगा. बरीच वर्षे कोरड्या पडलेल्या नळाच्या लाइनचे सांधे आणि फ्लशची टाकी पहिल्या दाबाला दगा देतात. खालच्यांच्या छतावर ओल उतरली, तर नव्या शेजाराची सुरुवातच तक्रारीने होते.

गॅसबद्दल थोडक्यात. पाइपचा गॅस असेल तर महानगर गॅसकडे जुने बिल आणि विक्री प्रमाणपत्र घेऊन नावबदल करा. मीटर काढून नेला असेल तर तो पुन्हा बसवावा लागेल. पण बंद घरातला गॅसचा कॉक स्वतःच्या हाताने उघडू नका. रबरी नळी जुनी होऊन तडकलेली असते. कंपनीचा माणूस गळती तपासेल, त्यानंतरच शेगडी पेटवा.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. काही वेळा बँकेकडे फक्त कागदोपत्री ताबा असतो आणि आत ते कुटुंब अजून राहत असते. त्यांना बाहेर काढण्यासाठी वीज किंवा पाणी तोडायला लावण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. प्रत्यक्ष ताबा मिळवण्यासाठी सरफेसी कायद्याचे कलम १४ आहे, दंडाधिकाऱ्यांचा आदेश आहे, आणि ते काम बँकेचे आहे. ज्या घरात लहान मुले, म्हातारी माणसे आहेत तिथला नळ बंद करून आपला संसार मांडायचा नसतो.

घर रिकामे मिळाले तरी कपाटात, माळ्यावर सामान असू शकते. पंचनाम्यात त्याची यादी झाली आहे का ते बघा आणि बँकेला लेखी कळवून ते त्यांच्या स्वाधीन करा. भंगारवाल्याला देऊ नका, त्या सामानावर तुमचा हक्क नाही. तसेच वीज कंपनीकडे जुन्या ग्राहकाची सुरक्षा ठेव पडून असते. ती आधी थकबाकीत वळती करावी, असे अर्जात स्पष्ट लिहा. तुमच्याकडून मागितलेली रक्कम तेवढी कमी होईल. आणि वळती करूनही काही उरले, तर ते पैसे त्या कुटुंबाचे आहेत. त्यांच्या नावाने येणारी पत्रे जपून ठेवायला वॉचमनला सांगा आणि त्यांचा ठावठिकाणा कळला तर ठेवीची गोष्टही त्यांच्या कानावर घाला.