वादळापूर्वीची बेगमी

३ मे २०१९ रोजी पुरीनजीक ‘फनी’ चक्रीवादळ धडकले, तेव्हा नोकरीनिमित्त आम्ही भुवनेश्वरी होतो. घरात तांदूळ-डाळ महिनाभराची. पाणी मात्र दोन बादल्या! वीज गेली, पंप थांबले, नळ कोरडे पडले. वृद्ध मातोश्रींना औषधापुरतेही पाणी उरेना. १९९९ चे महावादळ सोसलेल्या शेजारच्या उडिया आजींनी आदल्याच दिवशी घागरी, पातेली, पराती काठोकाठ भरल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, वर चुडा-गूळही. चुडा म्हणजे आपले पोहेच. चुलीवाचून भिजवून खावेत. (फोडणीचा अभिमान तेथेच गळाला!) आता वादळाचा इशारा येताच आम्ही प्रथम पाणी भरतो, मग औषधे, विजेरी, रोख पैसे आणि मेणकापडात गुंडाळलेली कागदपत्रे उंच फळीवर ठेवतो.