आज शाळेत काय शिकवले?

संध्याकाळी मुलगी शाळेतून घरी येते. "आज शाळेत काय शिकवले?" असे आई विचारते. "भिन्न," मुलगी उत्तरते. "कशाहून भिन्न?" या आईच्या प्रश्नावर ती हसते आणि खेळायला पळते. इंदूर, ग्वाल्हेरकडील मराठी घरांना असा संवाद अपरिचित वाटू नये. मराठीत ज्यास अपूर्णांक म्हणतात, त्यासच हिंदी पाठ्यपुस्तकात भिन्न हे नाव आहे. आपला छेद तेथे हर होतो, परिमितीचे परिमाप होते, आणि लघुतम साधारण विभाज्याच्या जागी लघुत्तम समापवर्त्य येऊन बसते. विषय तोच असतो. परंतु ओळखीचा शब्द हरवला की आईबापांना तो विषयच परका वाटू लागतो.

सहावी ते आठवी ही तीन वर्षे या दृष्टीने फार नाजूक होत. पाचवीपर्यंत पाढे, बेरजा, शुद्धलेखन यांची वही आई चूल सांभाळता सांभाळताही तपासू शकते. पुढे मात्र शिक्षणाची जातच बदलते. शून्याच्या पलीकडील ऋण संख्या येतात. अंकांच्या जागी अक्षरे येतात. पाच वह्यांस ६० रुपये, तर आठ वह्यांस किती, हा प्रश्न वडील त्रैराशिकाने चटकन सोडवितात व ९६ रुपये हे उत्तर सांगतात. वर्गात मात्र एका वहीची किंमत क्ष मानून समीकरण मांडण्यास सांगितलेले असते. उत्तर तेही ९६ च. "सरळ मार्ग सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला?" असे वडील म्हणतात, आणि गुरुजींचे खरे मानावे की वडिलांचे, या पेचात मूल सापडते. आज सोप्या हिशेबावर अक्षराचा सराव झाला, तरच उद्या त्रैराशिकाने न सुटणारी उदाहरणे सुटतील, हा त्यामागील हेतू वडिलांना कोणी सांगितलेलाच नसतो. मग हळूहळू मूल वही दाखविणेच सोडून देते. खरी हानी ती होय.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना कळविणे, हे त्यांतील एक होय. तथापि पुष्कळ सभांत पालक गुणांचा आकडा ऐकून परततात. आकड्याने मूल कोठे उभे आहे ते कळते. ते कोणत्या वाटेने चालले आहे ते कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे सुचविले आहे. पूर्वकल्पना नसलेल्या पालकास ते दिवस वाया गेले असेच वाटावयाचे. रंधा चालविताना मूल मोजमाप आणि कोन शिकते, हे समजले तर तोच पालक घरचा मोडका पाट त्याच्यापुढे ठेवील.

याकरिता मोठा खटाटोप नको. महिन्याच्या आरंभी शाळेने एक पानभर मजकूर घरी धाडावा: कोणते धडे होणार, कोणते नवे शब्द येणार, उदाहरणे कोणत्या रीतीने सोडविली जाणार आणि ती रीत का निवडली. जेथे घरची भाषा एक व शाळेची दुसरी, तेथे दोन्हींतील शब्द शेजारी शेजारी द्यावेत. शिक्षकांवर कामाचा भार आधीच थोडा नाही; परंतु इयत्तेसाठी एकदा केलेले पान थोड्या फेरफाराने पुढील वर्षीही उपयोगी पडते.

पालकांचाही वाटा आहे. शिकविणे जमले नाही तरी ऐकणे सर्वांना जमते. शाळेत भिन्न शिकलेल्या मुलीने भाकरीचे चार भाग करून आईला मराठीत अपूर्णांक समजावून दिला, तर तो धडा तिचा दुसऱ्यांदा आणि अधिक पक्का होतो. आईलाही त्या दिवशी भिन्न शब्दाचा नवा अर्थ कळतो, आणि दुसऱ्या दिवशी वही आपण होऊन तिच्यापुढे येते.