सहलीच्या यादीत आधी माणसं, मग ठिकाणं

(अभ्यासवर्ग चालवणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्यापैकी बरेच जण वस्तीतल्या मुलामुलींचे अभ्यासवर्ग चालवता. यंदा नववी-दहावीच्या मुलांना मुंबई दाखवायची, असं ठरतंय. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कामाचं नियोजन करणं हे माझं रोजचंच काम, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. आज तारखा, गाड्या, जेवण, पैसे याबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न. आपल्याकडची माणसं मुंबई पहिल्यांदा कधी पाहतात? कुणी नातेवाइकाला टाटा हॉस्पिटलला नेताना, कुणी कामाच्या शोधात, कुणी नोकरीच्या मुलाखतीला. म्हणजे मन आधीच धास्तावलेलं असताना. माझ्यासोबत शिकलेल्या काही हुशार मुलांनी मुलाखतीचा निम्मा दिवस लोकलच्या भीतीत घालवला. दहावीत असताना चार मित्रांबरोबर हसत-खेळत ज्याने हे शहर पाहिलं, त्याच्या मनात ते परकं राहत नाही. मी सहलीकडे चैन म्हणून पाहत नाही, ते यामुळे.

आता यादी. आपण सहल ठरवायला बसलो की पहिल्यांदा ठिकाणांची यादी करतो. मी म्हणेन, आधी माणसांची करा. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर पहिल्या दिवशी चाळीस हात वर होतात. निघायच्या आदल्या आठवड्यात काही नावं खोडलेली असतात. ती कुणाची असतात? मुलींची, आणि ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्यांची. हे दरवेळी होतं, म्हणजे ते आधीपासून माहीत आहे. जे आधीपासून माहीत आहे, त्याची तयारीही आधीपासून करता येते.

मुलींच्या घरून नकार येतो तेव्हा आपण चटकन म्हणतो, लोक मागासलेले आहेत. असं म्हणून मुलगी सहलीला येत नाही. आईच्या मनात काय असतं ते ऐकून घ्या. रात्रीचा प्रवास आहे, शेजारच्या बर्थवर कोण असेल? झोपायची सोय कुठे? न्हाणीघराला आतून कडी आहे का? पाळी आली तर कुणाला सांगायचं? फोन लागला नाही तर? हे सगळे रास्त प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला उत्तर आहे. सोबत किमान दोन शिक्षिका हव्यात. एखादी आई यायला तयार असेल तर तिला आवर्जून घ्या. एक अम्मी सोबत आहे म्हटल्यावर चार घरांचं मन वळतं. मुक्कामाची जागा आपल्यापैकी एका बाईने आधी जाऊन पाहून यावी. दोन्ही दिवसांचं वेळापत्रक, मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर एका कागदावर मराठीत आणि उर्दूत छापून प्रत्येक घरी द्या. पालकांची सभा आयांना जमेल अशा वेळी ठेवा.

पैशांचं तसंच. एकूण खर्चाचे भाग पाडून सर्वांसमोर मांडा: रेल्वे, मुक्काम, जेवण, तिकिटं, शहरातला प्रवास आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के. दोन-तीन महिने आधी ठरवलं तर हप्त्याने भरता येतं. ज्याला जमणार नाही त्याचा भार गावातल्या दोन-चार माणसांनी उचलावा. पण कुणाचे पैसे कुणी भरले, हे हिशेब ठेवणाऱ्या एकाच माणसाला माहीत असावं. मुलाला ते कधीही ऐकवलं जाऊ नये.

मी लातूरचं उदाहरण घेतो. रात्री लातूरहून बसलं की सकाळी गाडी मुंबईत सीएसएमटीला पोचते, आणि परतीची गाडी रात्रीच निघते. म्हणजे एकच मुक्काम आणि पूर्ण दोन दिवस. आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. चाळीस जणांची तिकिटं सहा-सहाच्या तुकड्यांत काढत बसू नका. स्टेशनवर अर्ज देऊन गटाचं आरक्षण मागा. एसटीने जाणार असाल तर शालेय सहलींना भाड्यात सवलत असते, आगारात चौकशी करा.

वारही पाहून ठरवा. घारापुरीची लेणी, कान्हेरी आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद असतं. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. शनिवार-रविवार त्यातल्या त्यात सोयीचे, पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. तो कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी तपासा.

आता ठिकाणं. दोन दिवसांत पंधरा ठिकाणं घेतली तर मुलं मुंबई बसच्या खिडकीतून पाहतील. पहिल्या दिवशी चालत जा. सीएसएमटी ते गेट वे हे अंतर साधारण अडीच किलोमीटर आहे. स्टेशन स्वतःच पाहण्यासारखं आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८८७ ची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत दिसते. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था काढली. हेच तय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी आपल्या मुलींनाही शिकवलं. आपल्या मुलींना ही गोष्ट त्या इमारतीसमोर उभं राहून सांगा. पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या, ते इथे कळतं. मग ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३० च्या काळातल्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती. मैदानात बसून डबा खा आणि मुलांनाच विचारा, दोन्ही बाजूंत फरक काय दिसतो? राजाबाई हे त्या टॉवरला पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव, हेही सांगा. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तीन तास द्या. सगळी दालनं फिरू नका, तीनच निवडा. संध्याकाळी गेट वे.

दुसऱ्या दिवशी चर्चगेटहून धीमी लोकल. तिथे गाडी सुटायच्या आधी थोडी थांबते, त्यामुळे मुलांना धक्काबुक्कीशिवाय चढता येतं. तिसरं स्टेशन ग्रँट रोड. तिथून चालत ऑगस्ट क्रांती मैदान आणि मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मणिभवनात उतरत. मग बसने हाजी अली. भरतीच्या वेळी तिथली वाट पाण्याखाली जाते, म्हणून भरतीची वेळ आधी बघा. तिथे मुलींना एवढं जरूर सांगा की मजारीपर्यंत जाण्याचा त्यांचा हक्क २०१६ साली मुंबई हायकोर्टाने मान्य केला, आणि तो काही महिलांनी कोर्टात जाऊन मिळवला. दुपारनंतर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथे उपकरणांना हात लावायची परवानगी असते, त्यामुळे मुलं लवकर बाहेर पडत नाहीत. वेळ राखून ठेवा.

घारापुरी मी या बेतात घेतली नाही. लाँचने जायला तास, यायला तास, म्हणजे अर्धा दिवस गेला. पुढे कधी घेतलीत तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय लाँच हलू देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून एक नियम लेखी ठेवा: समुद्रात कुणी उतरायचं नाही, गुडघाभरही नाही. तो नियम मोडायची मुभा मोठ्यांनाही नाही.

सुरक्षिततेची बाकी घडी साधी आहे. आठ-आठ जणांचे गट आणि प्रत्येक गटाला एक मोठं माणूस. गटात जोड्या, आणि जोडीदार दिसला नाही तर लगेच ओरडायचं. गाडीत चढताना, उतरताना, संग्रहालयातून बाहेर पडताना डोकी मोजायची. लोकल स्टेशनवर काही सेकंदच थांबते. कुणी फलाटावर राहिलं तर त्याने तिथेच उभं राहायचं. मोठं माणूस परत येईल. कुणी एकटंच चढलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. हे वर्गात दोनदा करून घ्या. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकल टाळा. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता असू द्या. औषध घेणाऱ्या मुलांची नोंद आधी करा. स्वच्छतागृह कुठे आहे ते नकाशावर ठिकाणाच्या आधी लिहा. ते न मिळण्याच्या भीतीने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

जमलं तर शेजारच्या वस्तीतल्या दुसऱ्या शाळेची दहा मुलंही सोबत घ्या. जेवण सगळ्यांना चालेल असं शाकाहारी ठेवा. गटही मिसळून करा. दोन दिवस एकाच डब्यातून जेवलेली मुलं एकमेकांबद्दल ऐकीव गोष्टींवर सहजी विश्वास ठेवत नाहीत.

आणि कामं मुलांना वाटून द्या. एकाकडे नकाशा, एकीकडे हिशेबाची वही, एकाकडे पाण्याची जबाबदारी. प्रत्येक ठिकाणाची माहिती एकेका गटाने आधी वाचून तिथे उभं राहून सांगायची. जी मुलगी आज चर्चगेटला फलाट विचारून गट पुढे नेईल, ती उद्या कॉलेजच्या प्रवेशासाठी एकटी यायला घाबरणार नाही.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर ठिकाणांची यादी करू नका. वर्गातली कोणती नावं शेवटच्या आठवड्यात गळतील, ती लिहा. तुम्हाला ती माहीत आहेत. उद्या संध्याकाळी त्यातल्या पहिल्या घरी चहाला जा. गाडीचं आरक्षण त्यानंतर करता येईल.