खिम्याचा दाट रस्सा

मटणाच्या रश्शाची गत तुम्हांला ठाऊकच आहे. तुकडे पुरुषांच्या अन् पोरांच्या ताटात, करणारीच्या वाट्याला तळाचं पाणी. म्हणून आज खिम्याचा रस्सा सांगते. यात प्रत्येक पळीत मटण येतं.

अर्धा किलो खिमा डोळ्यांदेखत करून घ्यावा. अर्धी वाटी सुकं खोबरं किसून कोरडंच भाजा. दोन कांदे तेलावर तांबूस करा. दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं नि कोथिंबीर घालून सारं वाटा. दाटपणाला बेसन किंवा डाळं लागत नाही. वाटण मात्र गंधासारखं बारीक हवं.

पातेल्यात तेलावर एक चिरलेला कांदा परता, मग हळद व खिमा घाला. उलथन्यानं गाठी फोडत राहा. अंगचं पाणी आटलं की दोन चमचे कांदा-लसूण मसाला, वाटण, मीठ. तेल सुटल्यावर दोन पेले गरम पाणी घालून, झाकून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. कुठं लाली राहता कामा नये.

खिमा तुकड्यांपेक्षा लवकर नासतो. उन्हाळ्यात सकाळचा रस्सा संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नका. आंबूस झालेला रस्सा पुन्हा उकळला तरी खाण्याजोगा होत नाही.

मटणातलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा अंगी चांगलं लागतं. घरात गरोदर सून असेल तर तिचं ताट पहिल्याच पंगतीला वाढा, आणि वरून लिंबू पिळा.