अबोलीचे दिल्लीतील बिऱ्हाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञानेश्वरीवर आणि मराठ्यांच्या उत्तरेकडील इतिहासावर अधिकारी वक्ते बोलून गेल्यानंतर कुंडीतल्या एका झुडपाविषयी कोण ऐकणार, ही शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. तथापि ज्या झुडपाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचे नाव आपल्या घरोघरच्या कपाटांत अद्याप आहे. 'अबोली रंगाची साडी', 'अबोली रंगाचा काठ' असे आपण सहज म्हणतो. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलींना तो रंग ओळखता येतो; फूल मात्र ओळखता येत नाही. रंग राहिला आणि फूल गेले, अशी ही स्थिती आहे. ती पालटता येते, व त्यासाठी चार हात जागा पुरते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

जागेची गोष्ट मुद्दाम काढली. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य दिल्लीच्या सरकारी वसाहतींत गेले. त्या जुन्या दुमजली घरांत खालच्या बिऱ्हाडाला पुढे-मागे थोडी मोकळी जमीन असे. 2016 साली केंद्र सरकारने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नवरोजीनगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली आणि त्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. ज्यांना अंगण होते त्यांच्या वाट्यास आता बाल्कनी आली. निवृत्तीनंतर तर सरकारी घरच सोडावे लागते, व बरोबर जाऊ शकतात त्या फक्त कुंड्या. तेव्हा कुंडीत मावेल, माणसाच्या उंचीवर जाणार नाही आणि तरीही महिनोन्‌महिने फुलेल असेच झाड आपण धरले पाहिजे.

मोगऱ्याचा पक्ष येथे प्रबळ आहे, हे आम्ही जाणतो. मोगऱ्याशी आमचे काही वैर नाही. पण त्याचा बहर उन्हाळ्याचा. पुढे तो पानांचाच संसार करतो. जास्वंद फुलते खरी, परंतु तिला जागा फार लागते आणि पिठ्या ढेकूण तिच्यावर जणू वसाहतच करतो. अबोली एक ते तीन फुटांपलीकडे जात नाही. तिची गर्द, चकचकीत पाने फुले नसतानाही कुंडीला शोभा देतात. आणि चैत्र सरता सरता फुलू लागली की दिवाळीपर्यंत ती थांबत नाही. तिला वास नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र सकाळी माळलेला मोगरा संध्याकाळी तांबूस पडतो. अबोलीची वेणी दुसऱ्या दिवशीही ताजी दिसते आणि केसांना तिचा भार जाणवत नाही. कोकणात आणि गोव्यात, जेथे ओवलेल्या फुलांना फाती म्हणतात, बायकांनी तिला जवळ केले ते याच गुणांमुळे.

ही मूळची दक्षिण भारत व श्रीलंका या बाजूची. अडुळसा आणि कोरांटी यांच्याच कुळातली. तिची फुले एकेकटी न येता हिरव्या, चौकोनी कणसातून येतात. कणीस खालून वर उमलत जाते. फुले एक दिवसाआड भल्या सकाळी खुडावीत, आणि कणीस संपले की ते देठासकट कापावे. हे कापणे आळसाने राहिले तर झाड बी धरण्यात शक्ती घालवते व नवी कणसे कमी येतात.

नर्सरीत जाऊन 'अबोली' मागितली तर माळी आपल्याकडे पाहत राहील. तेथे 'क्रॉसँड्रा' म्हणावे. शेजारी तमिळ कुटुंब असेल तर 'कनकांबरम्' म्हणताच घरातील आजीबाईंचा चेहरा खुलेल आणि कदाचित फांदीही मिळेल. रंग नारिंगी, पिवळा, लाल असे मिळतात. एका जातीला तर बागाईतदार 'दिल्ली' याच नावाने ओळखतात! तिचे फूल मोठे, किंचित गुलाबी झाक असलेले नारिंगी असते. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे तिला बी धरत नाही. तिची वाढ फांद्यांवरच करावी लागते. आपल्या मंडळाला हीच जात अधिक साजेल असे आम्हांस वाटते.

आता लागवडीकडे वळू. दहा इंची कुंडी पुरे. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाड रेती आणि मूठभर निंबोळी पेंड. पाणी तुंबता कामा नये, कारण तुंबल्या पाण्यात हिची मुळे कुजतात. खताला येथे मिळणारी मोहरीची पेंड उत्तम. ती चार-पाच दिवस भिजवून, चहासारखी पातळ करून पंधरवड्यातून एकदा घालावी. शेजाऱ्यांना वासाची पूर्वकल्पना द्यावी, हे वेगळे सांगावयास नको. दिल्लीचे पाणी क्षारयुक्त असल्याने पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा बहुधा लोहाचा अभाव असतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे. पिवळेपणा गेला नाही आणि झाड दुपारी मलूल दिसू लागले, तर मुळे उकरून पाहावीत. त्यांवर गाठी आढळल्या तर ते सूत्रकृमींचे काम समजून झाड मातीसह टाकून द्यावे. त्या मातीत पुन्हा अबोली लावू नये.

परंतु दिल्लीत अबोली मरते ती बहुतांशी या कारणांनी नव्हे. ती मरते थंडीने. उष्ण, दमट हवेत वाढलेल्या या झाडाला जूनचे पंचेचाळीस अंश सोसतात, फक्त दुपारची सावली आणि रोजचे पाणी हवे. जानेवारीतले चार-पाच अंश मात्र सोसत नाहीत. पाने काळवंडतात, शेंडे जळतात, आणि लोक झाड मेले म्हणून कुंडी रिकामी करतात. यावर उपाय आम्हां सरकारी नोकरांच्या चांगला परिचयाचा आहे. या झाडाची वर्षातून दोनदा बदली करावी. उन्हाळ्यात पूर्वेची बाल्कनी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते व लू लागत नाही. नोव्हेंबरच्या मध्यास दक्षिणेची भिंत, म्हणजे दिवसभर तापलेल्या विटा रात्री थोडी ऊब देतात. कडाक्याच्या रात्री जुने धोतर अंगावर घालावे आणि उजाडल्यावर काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकले तर ती गारठतात. पाणी या दिवसांत माती वर कोरडी झाल्यावरच, तेही ऊन आल्यावर.

आणि माळ्याच्या कात्रीपासून तिला जपावे. येथील माळी ऑक्टोबरच्या मध्यास गुलाब छाटतात, व कात्री हाती आलीच आहे म्हणून अबोलीही छाटून टाकतात. त्यामुळे फुटणारे कोवळे धुमारे नेमके डिसेंबरच्या तोंडी सापडतात. जळके शेंडेही होळीपर्यंत तसेच राहू द्यावेत. ते खालच्या फांद्यांचे पांघरूण होते. मार्चच्या आरंभी निम्म्यापर्यंत छाटावे, वरची दोन इंच माती बदलावी. ज्या फांदीला मृत समजलो तिच्याच बुडाशी डोळे फुटलेले दिसतात.

मुलांसाठी एक गंमत. साध्या, बी धरणाऱ्या अबोलीचे वाळलेले कणीस पाण्यात टाकले की थोड्याच वेळात शेंगा तडतडत फुटतात आणि बिया दूर उडतात. इंग्रजीत या झाडाला फटाक्याचे फूल म्हणतात ते यावरूनच. ज्या घरी मुले बागेकडे फिरकत नाहीत तेथे हा प्रयोग अवश्य करावा.

फांद्या लावण्यास जुलै-ऑगस्ट उत्तम. चार इंचांचा शेंडा, तीन पेरी, खालची पाने काढून ओल्या रेतीत सावलीला ठेवला की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतो. आमच्याकडे नारिंगी आणि 'दिल्ली' अशा दोन्ही जातींची झाडे आहेत. लाल नाही, कोणाकडे असेल तर कळवावे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी फांद्या ठेवू. येताना ओले फडके आणावे, आणि ज्यांची बदली ठरली आहे त्यांनी आधी घेऊन जावे.