विसराळू मूल आणि खूणगाठ
(शिक्षक परिषदेतील भाषण)



प्रत्येक वर्गात एकदोन मुले अशी असतातच की, ज्यांची पाटी घरी राहते आणि वही शाळेत राहते. तीन कामे सांगितली तर पहिले होते, दुसरे अर्धे राहते आणि तिसरे सांगितले होते याचीच त्यांस आठवण नसते. अशा मुलास 'वेंधळा' म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे नाव एकदा चिकटले की ते वर्ग उचलतो, घर उचलते, आणि अखेर मूलही ते खरे मानू लागते. म्हणून या मुलांविषयी आज चार शब्द आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत.

प्रथम एक गोष्ट पारखून घ्यावी. मूल लक्ष देत नाही, की त्यास लक्ष देता येत नाही? कान वाहत असल्यास त्यास अर्धेच ऐकू येते; दृष्टी अधू असल्यास फळ्यावरील अक्षर लागत नाही; रक्त कमी असल्यास किंवा झोप अपुरी झाल्यास ते पेंगुळते. एखादे मूल बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि लगेच काही घडलेच नाही अशा रीतीने कामास लागते. ही तंद्री नसून अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि बहुधा तो औषधाने आटोक्यात येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते तेव्हा अशी निरीक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तपासणीच्या दोन मिनिटांत जे दिसणार नाही, ते आपण वर्षभर पाहत असतो.

काही मुलांच्या ठिकाणी अवधानाची उणीव ही मेंदूच्या घडणीतीलच गोष्ट असते. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. आजच्या वैद्यकीय निकषांप्रमाणे ही लक्षणे वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसावी लागतात, निदान सहा महिने टिकावी लागतात आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. निदान करणे हे आपले काम नव्हे. आपण नोंद ठेवावी आणि निदान तज्ज्ञांवर सोपवावे. मदत मात्र निदानाची वाट न पाहता आजच सुरू करता येते.

ही मदत कोणती? मनुष्य एका वेळी मनात किती गोष्टी धरू शकतो, याचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडला. त्यांचा अंदाज सातच्या आसपास होता. पुढील संशोधकांनी तो चारच्या आसपास आणला. हे प्रौढांविषयी झाले. लहान मुलाची ओंजळ त्याहून लहान, आणि विसराळू मुलाची आणखी लहान. तीत आपण सूचनांची घागर ओतली तर पाणी सांडणारच. तेथे 'लक्षात ठेव' असे दहा वेळा बजावून उपयोग नाही. आठवण मुलाच्या डोक्यातून काढून त्याच्या डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. आपल्या आज्या पदरास गाठ मारीत असत, ती याचसाठी. 'खूणगाठ' हा शब्दच आपणांस हे शास्त्र शिकवतो.

ही खूणगाठ शाळेत कशी बांधावी? एका पुठ्ठ्यावर चारच चित्रे काढावी: वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि जेवणाची ताटली. घरी जेथे दप्तर टांगले जाते, त्या खुंटीशेजारी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हा पुठ्ठा लावावा. भिंतीवर इतरत्र लावलेला तक्ता आठ दिवसांत दिसेनासा होतो. खूण कामाच्या जागीच हवी. ज्याचे मन दूरच्या चित्रावर ठरत नाही, त्यास बोटे मोजण्यास शिकवावे: चार बोटे म्हणजे चार वस्तू, आणि सर्व झाल्यावरच अंगठा उभा करावयाचा. दप्तर सकाळच्या धांदलीत न भरता रात्रीच्या जेवणानंतर भरावे. वर्गात सूचना एका वेळी एकच द्यावी, जवळ जाऊन द्यावी, आणि मुलाकडून ती पुन्हा वदवून घ्यावी. अशा मुलास दाराखिडकीजवळ न बसविता आपल्या समोर बसवावे.

पालकांशी बोलताना तक्रारीचा सूर नसावा. 'ताई, मुलगा हुशार आहे. रात्री दप्तर भरताना चार दिवस त्याच्याजवळ बसा,' एवढे म्हणावे. दप्तर आईने भरू नये. मुलाने भरावे आणि आईने पाहावे. शेतातून दमून आलेल्या माउलीस याहून अधिक काम सांगणे योग्य नव्हे.

आपली भाषाही बदलावयास हवी. 'पुन्हा विसरलास?' या प्रश्नास मुलाजवळ उत्तर नसते. 'आता काय राहिले?' असे विचारले की ते चित्राकडे पाहते, बोटे मोजते आणि स्वतःच शोधून काढते. तीन वस्तू आणल्या व एक राहिली, तर प्रथम तीन वस्तूंचे कौतुक करावे. आठवण करून देणे हळूहळू उणे करीत न्यावे: आरंभी शब्दाने, मग केवळ खुणेने, आणि शेवटी नुसत्या दृष्टिक्षेपाने. अधूनमधून घडी विसकटेल. सुट्टीनंतर तर विसकटतेच. तेव्हा न रागावता पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा.

शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे, हे आपण जाणताच. परंतु कायदा नसता तरी एवढे उघड आहे की, विसरण्याबद्दल छडी खाल्लेले मूल दुसऱ्या दिवशी वही आठवत नाही. ते छडी आठवते, आणि मग शाळाच टाळू लागते. वही विसरणारे मूल आपल्या हाती असते. शाळा टाळणारे मूल हातचे जाते.

तेव्हा आपल्या वर्गातील असे एक मूल आणि त्याचे एकच काम निवडावे, आणि त्या कामाची खूण या आठवड्यात त्याच्या डोळ्यांपुढे ठेवावी. ते साधले की दुसरे काम घ्यावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.