लिस्बन पाहायचं तर



युरोपला पहिल्यांदा निघालेला आपला माणूस लंडन, पॅरिस आणि रोम धरून चालतो. लिस्बन यादीत आलंच तर स्पेनच्या सहलीला जोडून, दीड-दोन दिवसांपुरतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. वसई-मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसानं पोर्तुगालची ही राजधानी जरा आधी आणि जरा निवांत पाहावी. कारण तिथल्या बहुतेक मोठ्या वास्तूंचं आपल्या किनाऱ्याशी काही ना काही देणंघेणं आहे. जहाजं कुठून निघाली ते तिथला गाइड सांगतो. ती पोचली कुठे आणि पुढे काय झालं, ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आज लिस्बनमध्ये काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं पाहावं, एवढंच सांगणार आहे.

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकापासून करावी. त्याचं नाव प्रासा दो कोमेर्सियो, म्हणजे व्यापार चौक. तीन बाजूंना पिवळ्या रंगाच्या कमानदार इमारती आणि चौथ्या बाजूला तेजू नदी. इंग्रजी नकाशात हिलाच टेगस म्हणतात. नदीचं पात्र इथे खाडीसारखं रुंद आहे, समुद्रच वाटतो. गावातले म्हातारे लोक या चौकाला अजून राजवाड्याचं अंगण म्हणतात. राजवाडा मात्र शोधून सापडायचा नाही. तो १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी गेला.

तो दिवस ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाचा. चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या आशेनं नदीकडे धावले, तर पाऊण तासाच्या आत समुद्राच्या लाटा नदीतून चढून आल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत राहिली. राजवाडा गेला, आणि त्याला लागून असलेली कासा द इंडिया ही कचेरीही गेली. मिरी, दालचिनी, लवंग, कापड, असा पूर्वेकडून येणारा सगळा माल इथे उतरायचा, इथेच तोलला जायचा आणि इथेच त्यावर कर बसायचा. आपली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली, त्यानंतर सोळा वर्षांनी राजधानीवर हा घाला आला.

राजा जुझे त्या सकाळी शहराबाहेर होता म्हणून वाचला. त्यानं भिंतींची इतकी धास्ती घेतली की पुढची वर्षं तो तंबूंत आणि लाकडी महालात राहिला. शहर पुन्हा उभं केलं ते त्याच्या मंत्र्यानं, पोंबालनं. चौकातून विजयकमानीखालून आत शिरलं की जो भाग लागतो तो बायशा. सरळ रस्ते, काटकोनात चौक, सारख्या उंचीची घरं. रस्त्यांची नावं सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची, कापडवाल्यांची, आपल्याकडे पेठांना आणि आळ्यांना असतात तशी. या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा आहे, आडव्या, उभ्या आणि तिरक्या वाशांचा. भूकंपात चुना-दगड ढासळला तरी पिंजरा उभा राहावा हा हेतू. नमुना तयार करून त्याच्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत फिरवली आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात.

भूकंपापूर्वीचं लिस्बन पाहायचं असेल तर ते टाइल्सच्या संग्रहालयात आहे. एका जुन्या मठात हे संग्रहालय मांडलंय. तिथे निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेला सुमारे २३ मीटर लांबीचा देखावा आहे, १७०० च्या आसपासचा. नदीतून दिसणारं सारं शहर त्यात आहे. आत्ताच ज्या चौकात उभे होतो, तिथला राजवाडा या टाइल्सवर शोधून काढावा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्यावं.

चौकाच्या पूर्वेला आल्फामा. हा भाग भूकंपातून बराचसा वाचला, त्यामुळे अरबांच्या काळचं वेड्यावाकड्या गल्ल्यांचं आणि पायऱ्यांचं जाळं तिथे टिकून आहे. वर सांव जॉर्जचा किल्ला. ११४७ मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजानं तो मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकला आणि त्याच सुमाराला खालचं कॅथीड्रल बांधायला घेतलं. या चढणीवरून २८ नंबरची पिवळी ट्राम जाते. घरांच्या इतक्या जवळून जाते की लोक दारात अंग चोरून उभे राहतात. ट्राममध्ये बसावं जरूर, पण पाकीट पुढच्या खिशात ठेवावं. गर्दीची ट्राम ही खिसेकापूंचीही आवडती. आणि पायांत पकड धरणारे बूट हवेत. लिस्बनचे फुटपाथ काळ्या-पांढऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांनी नक्षी काढून केलेले असतात. पाऊस पडला की उतारावर पाय सटकलाच.

आल्फामाच्या जवळच सांव व्हिसेंते द फोरा हा पांढरा मठ आहे. घाईत असलेले प्रवासी तो सोडतात. मुंबईकरानं सोडू नये. इथे ब्रगांझा राजघराण्यातल्यांच्या कबरी आहेत आणि त्यांत एक आहे कॅथरिनची. १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार झाला आणि आंदणात मुंबई बेट लिहून दिलं गेलं. ज्यांनी दिलं त्यांनी ते पाहिलं नव्हतं, ज्यांना मिळालं त्यांनीही नाही. नवरा वारल्यावर काही वर्षांनी कॅथरिन माहेरी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनमध्येच गेली. तिच्या नावानं आंदण गेलेल्या गावाची आज किती वस्ती आहे, हे तिथल्या पहारेकऱ्याला सांगून पाहा. त्याचा विश्वास बसणार नाही.

दुसरा दिवस बेलेमसाठी ठेवावा. कायश दु सोद्रे स्टेशनवरून नदीकाठानं लोकल जाते, काही मिनिटांत बेलेम येतं. सोमवार टाळा, त्या दिवशी इथली मुख्य स्थळं बंद असतात.

बेलेमला जेरोनिमोसचा मठ आहे. मानुएल राजानं १५०१ च्या सुमारास तो बांधायला घेतला, पुरा व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून. आपल्या भाषेत सांगायचं तर मलबारच्या मिरीनं हा मठ बांधला. दगड चुनखडीचा, उन्हात लोण्याच्या रंगाचा दिसतो. कोरीवकाम मात्र सारं समुद्राचं. खांबांवर जहाजाचे दोर पिळून बसवलेले, त्यांच्या गाठी, शिंपले, प्रवाळ, मधूनच खगोलाची कड्यांची प्रतिमा. गवंड्यांनी बंदरातला माल पाहून हातोडी उचलली असावी असंच वाटतं.

चर्चच्या दारातून आत गेलं की दोन बाजूंना दोन कबरी. एक वास्को द गामाची, दुसरी कवी कामोइशची. दोघंही दगडात पहुडलेले, छातीवर हात जोडून. गामा ८ जुलै १४९७ रोजी याच काठावरून निघाला आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला. तो वारला मात्र कोचीनमध्ये, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तिथेच पुरला गेला आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. कामोइश गोव्यात राहून गेलेला. गामाच्या सफरीवरचं त्याचं महाकाव्य १५७२ मध्ये छापलं गेलं. या दोघांपुढे फोटोसाठी रांग असते. मला विचाराल तर तिथे थोडा वेळ द्यावा आणि मग आतल्या दुमजली अंगणाकडे जावं. त्या अंगणातल्या कमानी हेच या मठाचं खरं वैभव.

इथून चालत बेलेमचा बुरूज. १५१४ ते १५१९ या काळात नदीच्या तोंडावर राखणीसाठी बांधलेला. लोक समोरून फोटो काढून परततात. आपण पश्चिमेच्या अंगाला जावं आणि टेहळणीच्या बुर्जीच्या तळाशी पाहावं. एका जनावराचं डोकं कोरलंय, वाऱ्यापाण्यानं झिजलेलं. तो गेंडा आहे, आणि आपल्याकडचा आहे.

त्याची हकिगत अशी. दीवला किल्ला बांधू द्या म्हणून गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क यानं गुजरातच्या सुलतानाकडे, मुजफ्फरशहाकडे वकील पाठवले. सुलतानानं किल्ल्याला नकार दिला आणि भेट म्हणून गेंडा दिला. गोव्यात एवढं जनावर पोसायचं कुणी? आल्बुकर्कनं १५१५ च्या जानेवारीत तो जहाजावर चढवून राजाकडे रवाना केला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपनं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. मग राजानं तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडानं बांधलेला गेंडाही त्याच्याबरोबर बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररनं न पाहता, दुसऱ्यानं केलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं. ते इतकं गाजलं की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हटलं की तेच चित्र आठवे.

मठाच्या समोर, नदीकाठावर शोधयात्रांचं स्मारक आहे, ५२ मीटर उंच, जहाजाच्या नाळेच्या आकाराचं. त्यावर ३३ माणसं कोरली आहेत. त्यांत गामा आहे, आल्बुकर्क आहे, गोव्यात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. पायथ्याशी फरशीवर जगाचा नकाशा आणि पोर्तुगीज कुठे कोणत्या साली पोचले याच्या नोंदी. पोचल्याची सालं आहेत, निघावं लागलं त्याची नाहीत. हे स्मारक आज दिसतं त्या रूपात सालाझारच्या हुकूमशाहीत १९६० मध्ये उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला.

बेलेमहून परत फिरण्याआधी १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात अंड्याच्या बलकाची गरम पेस्ट्री खावी, वर दालचिनी भुरभुरून. ही दालचिनीही आपल्याच समुद्रावरून तिकडे गेली.

याच लोकलनं थोडं पुढे गेलं की काशियश स्टेशन येतं. कोणत्याही प्रवासी पुस्तकात ते ठळक छापलेलं नसतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात सालाझारचे राजकीय कैदी असत. त्यांत एक होते सांगलीकडचे मोहन रानडे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले, १९५५ मध्ये जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी इकडे समिती झाली, तिच्यात सुधीर फडके पुढे होते. रानडे पकडले गेले त्याच वर्षी फडक्यांचं गीतरामायण आकाशवाणीवरून घरोघर ऐकलं जात होतं. रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत.

शेवटी कार्मो. बायशाच्या वरच्या अंगाला छप्पर नसलेलं गॉथिक चर्च आहे. भूकंपात छत पडलं, ते नंतर घातलंच नाही, उघड्या कमानींतून आभाळ दिसतं. त्याला लागूनच्या छोट्या चौकात बसून कॉफी घ्यावी. २५ एप्रिल १९७४ रोजी इथल्याच बराकीत हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानानं शरणागती पत्करली. बाहेर सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली होती. नव्या सरकारनं त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भारताशी करार केला आणि गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. म्हणजे गोव्याच्या इतिहासातली एक सही या चौकामुळे झाली.

श्रोतेहो, लिस्बनसाठी तीन दिवस काढा. आणि जाण्यापूर्वी एक काम करा. वसईचा किल्ला, रेवदंडा, कोर्लई आणि जुनं गोवं आधी पाहून घ्या. ही सगळी आपल्या हाताशी आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही. ती पाहिली नसतील तर लिस्बनमधली निम्मी गोष्ट कळायची राहते, मग कितीही महागडा गाइड लावा.